हेवी लायसन्स, बॅज आणि नोकरी : पुण्यातील ट्रक व बसचालकांचा इतिहास

पुण्यात मोठी गाडी चालवून पोट भरणाऱ्याची नोकरी कशी असेल, हे गेल्या शतकभरात मुख्यतः दोन गोष्टींनी ठरले. त्याच्या परवान्यावर कोणत्या वर्गाचे वाहन नोंदले आहे ही एक, आणि त्याच्या गाडीत माल आहे की माणसे ही दुसरी. पहिली गोष्ट कायद्याने वेळोवेळी बदलली. दुसरी मात्र मालकीशी जोडलेली होती. प्रवासी वाहतूक १९४८ नंतर मोठ्या प्रमाणावर सरकार आणि महानगरपालिकेकडे गेली, मालवाहतूक खासगी मालकांकडेच राहिली. त्यामुळे जवळपास सारखेच कौशल्य आणि पुढे तर एकाच वर्गाचा परवाना असलेल्या दोघांपैकी एकाला गणवेश, रजा आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला, तर दुसऱ्याच्या वाट्याला खेपेमागचा भत्ता आला.

मोटार येण्यापूर्वीही पुणे वाहतुकीचे गाव होते. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी कोकणात उतरू लागला. १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत रेल्वे आली. लांब पल्ल्याचा माल रूळांवर गेला खरा, पण रेल्वेचा माल आजूबाजूच्या तालुक्यांत पोहोचवण्याचे आणि तिथला गूळ, धान्य, भाजी स्टेशनापर्यंत आणण्याचे काम गाडीवानांकडे राहिले. शहरात टांगे होते. भाड्याने माणसे नेणाऱ्याची ओळख पटावी म्हणून त्याने परवाना बाळगावा आणि बिल्ला लावावा, ही पद्धत टांगेवाल्यांपासूनच चालत आलेली आहे. मोटारचालकाच्या बॅजचे मूळ तिथे सापडते.

भारतीय मोटारवाहन कायदा १९१४ मध्ये आला. त्याने वाहनाची नोंदणी आणि चालकाचा परवाना सक्तीचा केला आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी मोटार चालवण्यास मनाई केली. ट्रक आणि बस या दोन वेगळ्या व्यवसायांचा विचार त्यात जवळजवळ नव्हता, कारण तेव्हा ते व्यवसायच उभे राहिले नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर चित्र बदलले. पुण्याहून नगर, सातारा, सासवड, नारायणगाव अशा रस्त्यांवर खासगी सर्व्हिस मोटारी धावू लागल्या. एखाद-दुसरी गाडी असलेला मालक, त्याचा ड्रायव्हर आणि एक क्लीनर एवढाच बहुतेकांचा पसारा असे. वेळापत्रक पक्के नसे. गाडी भरली की सुटे. टपावर माल, आत माणसे, आणि पुढच्या गाडीच्या आधी थांबा गाठण्याची शर्यत. मोटारींनी रेल्वेचे उत्पन्न खाल्ल्याची ओरड झाल्यावर सरकारने नेमलेल्या मिचेल आणि कर्कनेस यांच्या समितीने १९३२ च्या सुमारास रस्ते-रेल्वे स्पर्धेचा अहवाल दिला. पुढच्या कायद्याची भूमिका त्यातून तयार झाली.

तो कायदा म्हणजे १९३९ चा मोटारवाहन कायदा. व्यावसायिक चालकाच्या दृष्टीने खरी सुरुवात इथूनच मानावी लागते. स्वतःची गाडी चालवणारा आणि पगारी चालक यांच्यात कायद्याने फरक केला. पगार घेऊन किंवा प्रवासी वाहतुकीची गाडी चालवायची असेल, तर परवान्यावर तसा स्पष्ट अधिकार नोंदलेला असावा लागे. वाहतूक वाहनासाठी किमान वय वीस ठरले. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला चोपन्न तास अशी कामाची कमाल मर्यादाही याच कायद्यात घातली गेली. ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने प्रवासी वाहनाच्या चालकासाठी स्वतंत्र परवाना आणि कामाच्या तासांवर बंधन आणले होते. त्या विचाराची छाया इथे स्पष्ट दिसते. फरक अंमलबजावणीत पडला. तास मोजायचे तर नोंद ठेवणारा कोणीतरी हवा, आणि एका गाडीच्या मालकाकडे तो कधीच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि अनेक गाड्यांना कोळशाच्या गॅसची भट्टी जोडावी लागली. त्याच काळात सैन्याने मोठ्या संख्येने चालक तयार केले. पुणे आणि खडकी या छावण्यांमुळे हे मनुष्यबळ युद्धानंतर याच भागात उपलब्ध झाले. लष्करातून सुटलेल्या चालकाला इंजिनाची देखभाल, ताफ्याची शिस्त आणि जड गाडीची सवय या तिन्ही गोष्टी आधीच शिकवलेल्या असत.

मुंबई राज्य सरकारने प्रवासी वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण करायचे ठरवल्यावर पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे यांची नावे महामंडळाच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. एखाद्या सार्वजनिक सेवेच्या इतिहासात पहिल्या मंत्र्याबरोबर पहिल्या चालकाचेही नाव टिकून राहावे, हे फारसे घडत नाही. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने या सेवेला पक्का आकार मिळाला. खुद्द शहरात सिल्व्हर ज्युबिली मोटर्स ही खासगी कंपनी बस चालवत होती. १९५० मध्ये पुण्यात महानगरपालिका स्थापन झाली आणि शहराची बससेवा पालिकेच्या ‘पीएमटी’कडे आली. १९७४ मध्ये पिंपरी-चिंचवडची ‘पीसीएमटी’ सुरू झाली आणि २००७ मध्ये दोन्ही सेवा एकत्र होऊन ‘पीएमपीएमएल’ झाली.

एसटी आणि पीएमटीने बसचालकाची नोकरी मुळापासून बदलली. मालकाच्या जागी आगार आले. कोणती गाडी, कोणती फेरी, किती वाजता हे ड्यूटीच्या तक्त्यावर लिहिलेले असे, आणि तिकिटांचा व पैशांचा हिशेब वाहकाकडे असल्याने प्रवासी जास्त भरण्यात चालकाचा वैयक्तिक फायदा उरला नाही. रस्त्यावरची शर्यत थांबवण्यात या एका गोष्टीचा वाटा फार मोठा आहे. गाडी बिघडली तर दुरुस्ती आगारातला मेकॅनिक करी, मोठे काम दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत जाई. मुक्कामी गाडीच्या चालकाला एखाद्या दूरच्या गावात मंदिरात किंवा गाडीतच रात्र काढावी लागे. ती हालअपेष्टा होतीच, पण त्या मुक्कामाचा भत्ता आणि दुसऱ्या दिवशीची विश्रांती कागदावर धरलेली असे. भोसरीला एसटीचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. शेजारीच १९६७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था म्हणजे ‘सीआयआरटी’ देशभरातील परिवहन महामंडळांसाठी प्रशिक्षण व चाचण्यांचे काम करू लागली. बसचालकाच्या शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या हद्दीवर असावे, यात दापोडी, भोसरी, पिंपरी हा सगळा पट्टा मोटारउद्योगाचा झाल्याचाही भाग आहे.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली, आठवड्याची सुट्टी आणि पगारी रजाही दिली. हा कायदा ट्रक आणि बस असा भेद करत नव्हता. मात्र तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला. एसटीच्या हजारो चालकांना तो आपोआप मिळाला. एक-दोन ट्रक बाळगणाऱ्या मालकाचा ड्रायव्हर त्याच्या बाहेर राहिला, आणि मालवाहतुकीतले बहुतेक मालक असेच छोटे होते. दोन्ही नोकऱ्यांमधली दरी रुंदावली ती या साध्या आकड्याने.

ट्रकचा धंदा पुण्यात खऱ्या अर्थाने वाढला तो उद्योगांबरोबर. १९६० च्या दशकात पिंपरी-चिंचवडला औद्योगिक वसाहत आली, आकुर्डीत बजाज टेम्पोचा आणि पिंपरीत १९६६ पासून टेल्कोचा वाहनकारखाना उभा राहिला. कच्चा माल आणि तयार माल वाहून नेण्यासाठी ट्रक लागले. दुसरीकडे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांदा, बटाटा, गूळ, भुसार घेऊन येणाऱ्या गाड्यांची रात्रभर रीघ असे. पुढे निगडीला ट्रान्सपोर्टनगरी वसली. १९७५ मध्ये नॅशनल परमिटची योजना आली आणि पुण्याचा ट्रक प्रत्येक राज्याचे वेगळे परमिट न काढता दूरवर जाऊ लागला. चालकाचे घरापासून दूर राहणे त्याबरोबर आठवड्यांवर गेले. शहराच्या वेशीवर जकात नाका होता. तिथे रांगेत उभे राहण्याचा वेळ चालकाच्या कामात धरला जात नसे, कारण पैसे खेपेचे मिळत. पुण्यातली जकात १ एप्रिल २०१३ रोजी बंद होऊन स्थानिक संस्था कर आला आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमेवरचे करनाकेही गेले. त्याआधीच्या अनेक दशकांत चालकाच्या आयुष्याचा किती भाग नाक्यांवर संपला, याचा हिशेब कुठल्याही पगारपत्रकात नाही.

मार्केट यार्डात एक लक्षणीय विसंगती दिसते. ट्रकमधून पोती उतरवणारा हमाल डॉ. बाबा आढाव यांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीमुळे संघटित झाला. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याच्या मजुरीला, भविष्यनिर्वाह निधीला आणि रजेला मंडळाचे संरक्षण मिळाले. तीच पोती सोलापूर किंवा इंदूरहून रात्रभर जागून आणणारा चालक या संरक्षणात नव्हता. हमाल एका जागी जमत होते, एकमेकांना रोज भेटत होते. चालक विखुरलेला होता आणि त्याचा मालक बहुधा त्याच्याच गावचा, नात्यातला किंवा पूर्वी स्वतः ड्रायव्हर असलेला. अशा नात्यात मागणी करणे अवघड जाते.

ट्रकवरचे शिक्षणही कोणत्या संस्थेत झाले नाही. मुलगा क्लीनर म्हणून चढायचा. काच पुसणे, टायर तपासणे, घाटात गाडी थांबली की चाकाला दगड लावणे, रिव्हर्स घेताना मागे उभे राहून ओरडणे ही त्याची पहिली वर्षे. मग उस्तादाला, म्हणजे ड्रायव्हरला, झोप आली की मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात यायचे. ते बेकायदा होते आणि सगळ्यांना माहीत होते. हात बसल्यावर आधी हलक्या वाहनाचे लायसन्स, मग ‘हेवी’. या शिकण्यात कौशल्य खरोखर तयार होत असे. भरलेल्या गाडीने कात्रज किंवा खंबाटकीचा घाट उतरताना कोणत्या गिअरमध्ये राहायचे हे क्लीनरला पुस्तकाशिवाय कळत होते. पण वाहतुकीचे नियम, कायद्याने दिलेले हक्क आणि अपघातानंतर काय करायचे हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

१९८८ चा मोटारवाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि परवान्यांची चढण प्रथमच नीट मांडली गेली. हलके वाहन, मध्यम मालवाहन, मध्यम प्रवासी वाहन, जड मालवाहन आणि जड प्रवासी वाहन असे वेगवेगळे वर्ग होते. बारा हजार किलोंच्या वर एकूण वजन गेले की वाहन जड ठरे. जड मालवाहनाचा शिकाऊ परवाना हवा तर हलक्या वाहनाचा परवाना दोन वर्षे किंवा मध्यम मालवाहनाचा एक वर्ष असावा लागे. प्रवासी वाहनांसाठी अशीच दुसरी शिडी होती. म्हणजे ट्रकचा माणूस आणि बसचा माणूस कायद्याने दोन वेगळ्या जिन्यांनी चढत होते.

पाच वर्षांतच हे जिने एक झाले. १४ नोव्हेंबर १९९४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मध्यम आणि जड असे चारही वर्ग काढून त्यांच्या जागी ‘वाहतूक वाहन’ हा एकच वर्ग आणला. हलक्या वाहनाचा परवाना एक वर्ष जुना असला की वाहतूक वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करता येऊ लागला. जगात इतरत्र याच सुमारास उलटी दिशा दिसते. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने व्यावसायिक परवान्याचे वजनानुसार अ, ब, क वर्ग केले आणि प्रवासी किंवा धोकादायक माल नेण्यासाठी वेगळ्या नोंदी सक्तीच्या केल्या. ब्रिटनमध्येही मालवाहन आणि बस हे वर्ग स्वतंत्रच राहिले. भारताने परवाना सोपा केला. चालकाला एका धंद्यातून दुसऱ्यात जाणे सुकर झाले हे खरे, पण चाळीस उतारू घेऊन घाट उतरण्याची आणि दहा टन सिमेंट घेऊन उतरण्याची परीक्षा एकच असावी का, हा प्रश्न त्या दुरुस्तीने निकालात काढला नाही.

भरती करणाऱ्यांनी त्याचे उत्तर आपल्या परीने दिले. प्रवासी वाहनासाठी परिवहन कार्यालयाचा बॅज राज्याच्या नियमांनुसार लागतच होता. एसटी आणि पीएमपीच्या जाहिरातींत जड प्रवासी वाहनाचा परवाना, बॅज आणि जड वाहन चालवल्याचा अनुभव या अटी राहिल्या. एसटीने त्यात दहावी उत्तीर्ण आणि किमान उंचीचीही भर घातली. वाहतूक वाहनाच्या परवान्यासाठी केंद्राने घातलेली आठवी पासची अट २०१९ मध्ये रद्द झाली, तेव्हाही एसटीच्या नोकरीची शिक्षणाची अट कायम होती. परवान्याने उघडलेला दरवाजा नोकरीच्या जाहिरातीने पुन्हा अरुंद केला. ट्रकवर मात्र ‘हेवी आहे का?’ एवढाच प्रश्न विचारला जातो, आणि पुढची परीक्षा पहिल्या खेपेतच होते. पुण्यातील अनेक बसचालक आधी ट्रकवर अनुभव घेऊन आले. बस सोडून ट्रककडे जाणारे त्यामानाने थोडेच. दोन्ही नोकऱ्यांची तुलना चालकांनी स्वतः केव्हाच केलेली आहे.

परवान्याच्या वर्गांमधली तिसरी, मोठी फळी हलक्या वाहनांची. तिचा इतिहास पुण्याच्या कारखान्यांशी थेट जोडलेला आहे. बजाज टेम्पोचे मॅटाडोर, १९८६ मध्ये आलेला टेल्कोचा ४०७ आणि २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘छोटा हत्ती’, ही सगळी वाहने पुण्याच्या परिसरात तयार झाली. १९९४ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाची मर्यादा सहा हजारांवरून साडेसात हजार किलोंवर नेली, त्यामुळे अशी बरीच मालवाहने ‘हलकी’ ठरली. क्लीनर म्हणून वर्षे न काढता, कर्जाने गाडी घेऊन स्वतःच मालक आणि स्वतःच चालक होण्याचा मार्ग त्यातून निघाला. भाजी, पाण्याचे जार, फर्निचर, कारखान्यांचे सुटे भाग हा त्यांचा माल.

या चालकांपुढे वर्षानुवर्षे एक अडचण उभी होती. गाडी हलकी, पण धंद्याची. मग साधा हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा की त्यावर ‘वाहतूक’ची वेगळी नोंद हवी? अपघात झाला की विमा कंपनी नेमका हाच मुद्दा काढून भरपाई नाकारत असे. सर्वोच्च न्यायालयाने ३ जुलै २०१७ रोजी मुकुंद देवांगन खटल्यात वेगळ्या नोंदीची गरज नाही असा निर्णय दिला. त्यावर शंका घेतल्या गेल्याने प्रकरण घटनापीठाकडे गेले आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभादेवी खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तोच निर्णय कायम ठेवला. साडेसात हजार किलोंच्या आतले मालवाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे आता पक्के झाले आहे. त्यावरच्या वजनासाठी वाहतूक वाहनाचा परवाना लागतोच. पेट्रोल-डिझेलचे टँकर, गॅस, रसायने यांसाठी त्याहून वरची पायरी आहे. तीन दिवसांचे विशेष प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद असल्याशिवाय ही गाडी चालवता येत नाही.

चाचणीची पद्धतही बदलली. पूर्वी संगम पुलाजवळच्या परिवहन कार्यालयात कागदपत्रे आणि निरीक्षकाच्या नजरेसमोर थोडे अंतर गाडी चालवणे एवढ्यावर भागत असे. पुढे चारचाकीची चाचणी भोसरीच्या वाहनचालक प्रशिक्षण व संशोधन संस्थेच्या संगणकीकृत मार्गावर होऊ लागली. एसटीच्या चालकभरतीची परीक्षाही भोसरीतच घेतली गेली. मोटारीत बसलेल्या निरीक्षकाच्या मताऐवजी मार्गावरचे सेन्सर गुण देतात, ही सुधारणा मोलाची आहे. भरलेल्या ट्रकची घाटातली चाचणी मात्र त्यात होत नाही. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका ट्रकच्या धडकेत सुमारे अठ्ठेचाळीस वाहनांचे नुकसान झाले. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची सवय त्यानंतर बरीच चर्चेत आली. खेपेला डिझेल मोजून मिळत असेल, तर वाचलेल्या लिटरचा मोह होतो. वेतनाच्या पद्धतीचा रस्त्यावरच्या सुरक्षिततेशी असलेला संबंध याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

बसचालकाची सुरक्षित नोकरीही आता पूर्वीसारखी अखंड राहिलेली नाही. पीएमपीने ठेकेदारांच्या गाड्या घेतल्या, तेव्हा वाहक पीएमपीचा आणि चालक ठेकेदाराचा अशी जोडी तयार झाली. एसटीने २०१७ पासून भाडेतत्त्वावरच्या शिवशाही गाड्यांत तोच मार्ग धरला. २०१९ मध्ये पीएमपीच्या ताफ्यात आलेल्या आणि पुढे वाढत गेलेल्या ई-बसमध्येही चालक गाडी पुरवणाऱ्या कंपनीचाच असतो. परवाना तोच, बॅज तोच, मार्गही तोच, पण शेजारच्या सीटवरच्या वाहकाला असलेली सेवाशाश्वती त्याला नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप राज्य सरकारमधील विलीनीकरणाच्या मागणीवर एप्रिल २०२२ पर्यंत चालला. महामंडळाच्या सेवेतल्या चालकांनाही आपली जागा पुरेशी पक्की वाटत नव्हती, हे त्या सहा महिन्यांत दिसले. याच दरम्यान एक जुना अडसर मात्र दूर झाला. एसटीने महिलांना चालक म्हणून प्रशिक्षण दिले आणि जून २०२३ मध्ये सासवड आगाराची बस महिला चालकाने चालवली.

ट्रकचालकांच्या बाबतीत अलीकडचे बदल दोन दिशांनी आले. भारतीय न्याय संहितेत अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आल्यावर जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी ट्रकचालकांनी चाके थांबवली आणि पुण्यासह अनेक शहरांत पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. दुसरा बदल केबिनचा आहे. २०२५ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकमध्ये चालकाची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले. एसटीच्या वातानुकूलित ‘शिवनेरी’ बसच्या प्रवाशाला जो गारवा दोन दशकांपूर्वी मिळाला, तो चाकणहून मोटारी लादून निघणाऱ्या ट्रेलरच्या चालकाला आता मिळू लागेल. कामाचे तास मोजण्याची व्यवस्था मात्र छोट्या मालकाच्या गाडीवर अजूनही पोहोचलेली नाही.